वीस हजार जनुकांमागची कुळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘एक मिलिमीटर लांबीच्या अळीतही माणसाइतकीच जनुके’ हे वाक्य विज्ञानाच्या बातम्यांत वर्षानुवर्षे छापून येते. आधी शब्दाबद्दल. अळी ही कीटकाची वाढीतली अवस्था. तिचे पुढे फुलपाखरू, माशी किंवा भुंगा होतो. इथे ज्याच्याविषयी लिहिले जाते तो सीनोरॅब्डायटिस एलिगन्स हा गोलकृमी आहे आणि तो पूर्ण वाढला तरी कृमीच राहतो. आता आकड्याबद्दल. तो खरा आहे. 1998 मध्ये या कृमीचा जनुकसंच वाचून झाला. असा मान मिळालेला हा पहिलाच प्राणी. सहा गुणसूत्रे, डीएनएची सुमारे दहा कोटी अक्षरे आणि प्रथिने घडवणारी साधारण 20,000 जनुके. माणसाच्या जनुकसंचात तीनशे कोटी अक्षरे आहेत, जनुके मात्र जवळपास तेवढीच.

तक्रार आहे ती त्यानंतर येणाऱ्या वाक्याबद्दल. कधी ‘म्हणजे जनुकांच्या संख्येला अर्थच नाही’ असे लिहिले जाते, कधी ‘म्हणजे आपण आणि कृमी आतून सारखेच’. दोन्हीकडे सुतावरून स्वर्ग गाठला जातो. दोन वह्यांची बेरीज सारखी आली म्हणून आतला जमाखर्च सारखा होत नाही. गोलकृमीने आपली वीस हजार जनुके कोणकोणत्या कामांना लावली, कोणत्या कुळात गर्दी केली आणि कोणते कूळ बुडू दिले, हे पाहिले की त्या बेरजेचा अर्थ लागतो. या विषयाचे अभ्यासक म्हणून तो जमाखर्च थोडा सविस्तर मांडावासा वाटतो.

जनुककूळ म्हणजे एकाच पूर्वज-जनुकाच्या प्रतींपासून निघालेली जनुके. सी. एलिगन्समध्ये वास आणि चव ओळखणाऱ्या ग्राही (म्हणजे ठरावीक रेणू पकडणाऱ्या) प्रथिनांची सुमारे 1,300 जनुके आहेत, शिवाय मोडून पडलेली चारशेच्या आसपास. माणसात वासाची चालू जनुके चारशेच्या घरात आहेत. पेशीकेंद्रकात बसून इतर जनुके चालू-बंद करणारे ग्राही कृमीत 284, माणसात 48. नष्ट करायच्या प्रथिनांना हेरून देणाऱ्या एफ-बॉक्स प्रथिनांची जनुके कृमीत पाचशेच्या आसपास, माणसात सत्तरच्या. इन्सुलिनसारखी प्रथिने कृमीत 40, माणसात 10. आणि त्या चाळिसांना ओळखणारा परिचित ग्राही मात्र एकच, डॅफ-2. उलट बाजूही पाहावी. शरीराचा पुढून मागे आराखडा आखणारी हॉक्स जनुके माणसात 39 आहेत, सी. एलिगन्समध्ये 6 उरली आहेत. अनेक प्राण्यांत अवयव घडवताना लागणारा हेजहॉग हा संदेश या कृमीने मूळ रूपात गमावला, पण त्याच्याशी नाते सांगणारी साठेक जनुके वाढवली. बेरीज सारखी येते ती अशी: एका खात्यात भर, दुसऱ्यात खड्डा.

ही भर पडते कशी? बीजपेशी बनताना जोडीतली गुणसूत्रे तुकड्यांची अदलाबदल करतात. जवळजवळ सारखी अक्षरे असलेले दोन पट्टे शेजारी असले की जुळणी एका घराने सरकते, आणि एका गुणसूत्राच्या वाट्याला जनुकाच्या दोन प्रती येतात, दुसऱ्याच्या वाट्याला एकही येत नाही. तुटलेला डीएनए सांधताना चुकीचा साचा धरला गेला तरी प्रत पडते. एकदा दोन प्रती शेजारी बसल्या की पुढची चूक आणखी सोपी होते, कारण सरकायला आयतीच जागा मिळते. म्हणून कृमीची मोठी कुळे गुणसूत्रावर ओळीने, एकमेकांना खेटून बसलेली सापडतात.

प्रयोगशाळेत कृमींची शेकडो पिढ्या वाढवलेली वाणे वाचून हा वेग थेट मोजला गेला आहे. एका जनुकाची नवी प्रत पडण्याची शक्यता एका पिढीत ढोबळमानाने एक कोटीत एक. ऐकायला नगण्य वाटते. वीस हजारांनी गुणा, म्हणजे दर पाचशे जनुकसंचांत एकात कुठल्या ना कुठल्या जनुकाची नवी प्रत. एक उभयलिंगी कृमी आयुष्यात तीनशेच्या आसपास पिल्ले देतो आणि अंड्यापासून अंडे घालण्यापर्यंतचा फेरा साडेतीन दिवसांत उरकतो. कुजणाऱ्या एका फळावरच त्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते. कच्च्या मालाचा तुटवडा कृमीला कधीच पडत नाही.

मात्र त्या मालातला बहुतेक भाग फुकट जातो, आणि तो का जातो हे समजल्याशिवाय कुळांची वाढ समजत नाही. सी. एलिगन्समधल्या ताज्या प्रतींची लांबी मोजली तेव्हा मध्यक 1,400 अक्षरांच्या आसपास आला. पुष्कळ जनुके त्याहून लांब असतात. म्हणजे प्रत अर्धवट पडते: कधी जनुकाचा शेवट कापला जातो, कधी त्याच्या आधीचा, ‘कुठे आणि केव्हा चालू व्हायचे’ हे सांगणारा भाग मागे राहतो, कधी तुकडा उलटा बसतो, कधी तो शेजारच्या परक्या जनुकाला चिकटून एक नवेच जोडजनुक तयार होते. पूर्ण प्रत पडली तरी तिच्यामागे नैसर्गिक निवडीचा धाक नसतो. मूळ जनुक काम करतेच आहे, मग प्रतीत मध्येच थांबण्याची खूण आली, एक-दोन अक्षरे गळून तीन-तीन अक्षरांची वाचनाची चौकट सरकली, तरी कृमीचे काही अडत नाही. अशा मोडलेल्या प्रती काही दशलक्ष वर्षांत ओळखू न येण्याइतक्या झिजतात.

वाचतात त्या प्रती तीन कारणांनी. पहिले, माल जास्त हवा असतो. कृमीच्या शुक्रपेशीला शेपूट नसते, ती सरपटते, आणि त्या सरपटण्यासाठी लागणारे प्रमुख शुक्रप्रथिन एकाच वेळी प्रचंड प्रमाणात लागते. त्याची डझनावारी जवळजवळ एकसारखी जनुके टिकून आहेत. दुसरे, मूळ जनुक दोन ठिकाणी काम करत असेल तर दोन प्रती ते काम वाटून घेतात, आणि मग दोघींपैकी एकही गाळता येत नाही. तिसरे कारण सर्वांत रोचक: प्रत बदलत बदलत वेगळेच काही पकडू लागते. एफ-बॉक्स आणि त्याच धाटणीच्या मॅथ-बीटीबी कुळांत हे स्पष्ट दिसते. प्रथिनाचा जो भाग यंत्रणेला जोडला जातो तो जागच्या जागी आहे. जो भाग सावज पकडतो तिथे प्रथिन बदलणारे अक्षरबदल प्रथिन न बदलणाऱ्या बदलांपेक्षा जास्त वेगाने साचले आहेत. निवड स्वतः बदल मागते आहे असा याचा अर्थ, आणि सावज म्हणजे बाहेरून आलेल्या रोगकारकांची प्रथिने असावीत हा त्यावरचा सयुक्तिक तर्क आहे.

कुळे कुठे राहतात यालाही महत्त्व आहे. सी. एलिगन्सच्या गुणसूत्रांना मधला भाग आणि दोन बाहू असे स्पष्ट विभाग आहेत. मधल्या भागात अदलाबदल कमी होते आणि जगण्यासाठी अनिवार्य, प्राणिसृष्टीभर सारखी राहिलेली जनुके तिथे दाटीने असतात. बाहूंवर अदलाबदल अधिक, पुनरावृत्त पट्टे अधिक, आणि वाढलेली कुळेही तिथेच. पाचव्या गुणसूत्राचे बाहू तर वास-ग्राहींनी भरलेले आहेत. जगभरातून गोळा केलेल्या रानटी वाणांचे जनुकसंच शेजारी ठेवले की काही पट्ट्यांत दोन वाणांमध्ये इतका फरक दिसतो की एरवी तो दोन वेगळ्या जातींमध्ये दिसावा. सगळ्या वाणांतले असे पट्टे एकत्र धरले तर संदर्भ-जनुकसंचाचा जवळपास पाचवा भाग व्यापतात, आणि त्यांत गंध-ग्राही, एफ-बॉक्स, साखरेला चिकटणारी लेक्टिने अशी परिसराशी आणि रोगजंतूंशी भिडणारी जनुके दाटलेली आहेत. स्वफलनाने वाढणाऱ्या, म्हणजे एकसारखे होत जाण्याची ओढ असलेल्या जातीत हा जुना वैविध्याचा साठा टिकून आहे. या विषयातला सर्वांत सुंदर शोध कोणता असे कुणी विचारले तर आम्ही हाच सांगू.

गंधाचे कूळ जवळून पाहण्यासारखे आहे. लोण्याला जो वास येतो त्यातला डायअॅसिटिल हा रेणू कृमीला आवडतो. तो ओळखणारा ग्राही म्हणजे ओडीआर-10. 1996 मध्ये त्याची ओळख पटली. सुमारे 340 अॅमिनो आम्लांची ही साखळी पेशीचा पडदा सात वेळा ओलांडते आणि एडब्ल्यूए नावाच्या चेतापेशींच्या जोडीत बसते. ही जोडी उत्तेजित झाली की कृमी वासाकडे सरकतो. संशोधकांनी हेच जनुक एडब्ल्यूए ऐवजी एडब्ल्यूबी या, दूर पळायला लावणाऱ्या चेतापेशीत चालू केले. कृमी डायअॅसिटिलपासून पळू लागला. रेणू तोच, ग्राही तोच, पेशी वेगळी.

सस्तन प्राण्यांत वासाची एक पेशी साधारणपणे एकच ग्राही बाळगते. कृमीकडे संपूर्ण शरीरात 302 चेतापेशी आणि गंध-चवीसाठी जेमतेम काही डझन. त्यामुळे एकेका पेशीत अनेक ग्राही एकत्र राहतात. याचा उत्क्रांतीवर सरळ परिणाम होतो. नवी प्रत तयार झाली आणि ती ‘आकर्षण’ पेशीत चालू राहिली, तर चेतासंस्थेची एकही तार न हलवता कृमीला नवा वास आवडू लागतो. प्रत नुसती भलत्या पेशीत चालू झाली तरी तोच वास नकोसा होतो. नवे जनुक वापरात आणायला इतका कमी खर्च असेल तर कूळ फोफावणारच. आणि वास घेण्याची गरज संपली की तेच कूळ आटते. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात वेगवेगळे जिवाणू शोधत फिरणाऱ्या कृमीला हजारावर ग्राही लागतात. डासातून थेट माणसाच्या लसीकावाहिन्यांत जाणारा, बाहेरच्या मातीला कधीच न शिवणारा हत्तीरोगाचा ब्रुगिया मलायी त्यांच्या एका छोट्या अंशावर भागवतो. त्याचा जनुकसंच 2007 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा एकूण जनुकेच सुमारे 11,500 निघाली.

परजीवी कृमींनी गमावले तसे कमावलेही आहे. स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या कृमीचा स्वतंत्र जगणाऱ्या नातलगांशी ताळा केला तेव्हा दोन कुळे डोळ्यांत भरण्याइतकी वाढलेली दिसली: अॅस्टासिन ही प्रथिने कापणारी विकरे, आणि एससीपी-टॅप्स ही शरीराबाहेर सोडली जाणारी प्रथिने. अंकुशकृमी नेकेटर अमेरिकॅनसमध्येही दुसऱ्या कुळातली शंभराहून अधिक जनुके आहेत. वेगवेगळ्या शाखांनी परजीवीपण स्वतंत्रपणे पत्करले आणि तरीही त्याच कुळाला हात घातला, हे लक्षात घ्यावे.

आता औषधांकडे वळतो, कारण जनुककुळांची गणती चुकली तर सर्वांत मोठा फटका तिथे बसतो. अल्बेंडाझोल आणि त्याच्या वर्गातली जंतनाशके बीटा-ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. पेशीतल्या सूक्ष्मनलिका त्यामुळे बांधल्या जात नाहीत. सी. एलिगन्समध्ये बीटा-ट्यूब्युलिनची सहा जनुके आहेत. त्यांतल्या बेन-1 वर औषधाचा मुख्य मारा होतो. बेन-1 पूर्ण मोडले तरी कृमी धडधाकट जगतो, कारण टीबीबी-1 आणि टीबीबी-2 हे भाऊबंद काम सांभाळतात. शिवाय औषधाला पकडायला आता काही उरलेले नसते. रानातून आणलेल्या वाणांतही बेन-1 वेगवेगळ्या तऱ्हेने मोडलेले सापडले आहे. मेंढ्यांच्या पोटातल्या हिमाँकस कंटॉर्टसमध्ये प्रतिकार येतो तो वेगळ्या वाटेने: पहिल्या प्रकारचे ट्यूब्युलिन जागेवर राहते, पण त्याच्या 167 व्या किंवा 200 व्या जागी फिनाइलअॅलानिनऐवजी टायरोसिन येते, किंवा 198 व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अॅलानिन. एकाच औषधाविरुद्ध एका कृमीत जनुक नष्ट होणे आणि दुसऱ्यात एक अक्षर बदलणे, हा फरक समजायचा असेल तर दोघांच्या कुळात पाठीराखे भाऊबंद किती आणि कोणत्या पेशीत आहेत ते पाहावे लागते.

प्रतिकाराची तपासणी करणाऱ्यांसाठी यात एक ठरलेला खड्डा आहे. पीसीआर या डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्रातले प्रारंभक (जिथून प्रत सुरू होते ते छोटे तुकडे) ट्यूब्युलिनच्या अशा पट्ट्यावर बसवले जो सगळ्या भाऊबंदांत सारखा आहे, तर दुसऱ्या प्रकारच्या ट्यूब्युलिनचीही प्रत वाढते आणि वाचनात दोघांचे मिश्रण येते. 200 व्या जागेवर दोन अक्षरे दिसली की ‘अर्धे कृमी प्रतिकारक’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात तिथे दोन वेगळी जनुके एकमेकांवर पडलेली असू शकतात. उपाय सोपा आहे. त्या जातीतली सगळी ट्यूब्युलिने आधी एकाखाली एक मांडावीत, प्रारंभकाचे 3′ टोक, म्हणजे जिथून नवी साखळी वाढते ते, फक्त पहिल्या प्रकारात असलेल्या अक्षरावर आणावे, जनुकाच्या मधले न वापरले जाणारे तुकडे म्हणजे इंट्रॉन फार बदलते असल्याने शक्य तर एक प्रारंभक त्यांतच ठेवावा, आणि मिळालेला संपूर्ण तुकडा वाचून तो कुळाच्या वृक्षावर कुठे बसतो ते तपासावे. त्याचबरोबर इंट्रॉन एकाच जातीच्या वेगवेगळ्या समूहांतही बदलतात; एका समूहावरून ठरवलेला प्रारंभक दुसऱ्या समूहात काही कृमींना पकडतच नाही. तेव्हा निकाल नकारार्थी आला तर आधी प्रारंभकावर संशय घ्यावा.

आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकाची गोष्टही कुळाचीच. ते ग्लुटामेटने उघडणाऱ्या क्लोराइड मार्गांवर काम करते. सी. एलिगन्समध्ये एव्हीआर-14, एव्हीआर-15 आणि जीएलसी-1 ही तिन्ही जनुके एकाच वेळी मोडली तरच तीव्र प्रतिकार दिसतो. एखादेच मोडले तर उरलेले औषधाला दार उघडे ठेवतात. लेव्हामिसोल या आणखी एका जंतनाशकाचा ग्राही पाच उपघटकांचा आहे, आणि त्यांतल्या यूएनसी-29 या एका घटकाच्या हिमाँकसमध्ये चार प्रती झाल्या आहेत. मोनेपँटेल हे जंतनाशक ज्याला पकडते तो सी. एलिगन्समधला एसीआर-23 हा ग्राही फक्त गोलकृमींकडे असलेल्या शाखेतला आहे. तो यजमान जनावरात नाही म्हणून औषध जनावराला सोसते.

वनस्पतींवर जगणाऱ्या सूत्रकृमींनी (हे गोलकृमींचेच दुसरे नाव) तर काही कुळे बाहेरून आणली. सेल्युलोज तोडणारे विकर प्राण्यांकडे सहसा नसते. 1998 मध्ये मुळांवर पुटी करणाऱ्या सूत्रकृमींत ते सापडले, आणि त्याचे जवळचे नातलग जिवाणूंत निघाले. पाइन झाडे मारणाऱ्या बर्साफेलेंकसकडे दुसऱ्याच कुळातले सेल्युलेज आहे, बुरशीकडून आलेले. मुळांवर गाठी करणाऱ्या मेलॉइडोगाइन इन्कॉग्निटाच्या जनुकसंचात (2008) वनस्पतीची पेशीभित्ती फोडणारी साठच्या आसपास प्रथिने मोजली गेली. आगमन थोड्या वेळा, त्यानंतर प्रती मात्र भरपूर. असा दावा वाचताना एक शंका मात्र घ्यायलाच हवी: कृमीच्या आतड्यात आणि अंगावर जिवाणू असतातच, तेव्हा त्यांचा डीएनए नमुन्यात मिसळला नसेल कशावरून? 2015 मध्ये जलअस्वल या सूक्ष्म प्राण्याची सहावा हिस्सा जनुके परकी असल्याचा दावा झाला आणि थोड्याच काळात त्यातली बहुतेक नमुन्यातली भेसळ ठरली. खरे आयात जनुक ओळखायचे तर त्याच सलग तुकड्यावर दोन्ही बाजूंना अस्सल कृमीची जनुके हवीत, त्यात इंट्रॉन आलेले हवेत, कृमीच्या इतर जनुकांइतक्याच वेळा ते वाचनात आलेले हवे, आणि जवळच्या दुसऱ्या जातीत त्याच जागी ते मिळायला हवे. सूत्रकृमींची सेल्युलेजे या कसोट्यांना उतरली आहेत.

जनुके गाळण्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण स्वफलनाचे. सी. एलिगन्सची नातलग सी. ब्रिग्सी उभयलिंगी आहे, तिची सख्खी नातलग सी. निगोनी नर-मादीवाली. दोघींचा संकर होऊ शकतो इतके जवळचे नाते. तरी ब्रिग्सीचा जनुकसंच निगोनीच्या मानाने पाचव्या-सहाव्या हिश्शाने लहान आहे. गळालेल्यांत नरांत चालू असणारी जनुके जास्त. त्यांतले एमएसएस हे शुक्रपेशीच्या पृष्ठभागावरच्या छोट्या प्रथिनांचे कूळ स्वफलन करणाऱ्या जातींनी गमावले. ते ब्रिग्सीच्या नरांत परत घातले तेव्हा त्यांच्या शुक्रपेशी स्पर्धेत वरचढ ठरल्या. नरांची आपसातली चढाओढ संपली आणि त्या चढाओढीची हत्यारे गंजून गेली.

शेवटी मोजणीबद्दल, कारण छापून येणारे आकडे तिथे घडतात आणि तिथेच बिघडतात. रीत अशी. प्रत्येक जातीची प्रथिनयादी घ्यायची, एका जनुकाची अनेक रूपे असतील तर एकच, सहसा सर्वांत लांब, ठेवायचे. हे विसरले की एकाच जनुकाची चार रूपे चार भाऊबंद म्हणून मोजली जातात. मग बुस्कोसारख्या साधनाने, एकेकच असायला हवीत अशी किती जनुके सापडतात आणि किती दोनदा येतात ते पाहायचे. दोनदा येणाऱ्यांचे प्रमाण चढे असेल तर पुढे जाऊ नये. नर-मादीवाल्या जातींत आई आणि बापाकडून आलेल्या प्रती इतक्या वेगळ्या असतात की वाचलेले तुकडे जोडणारा संगणक त्यांना दोन जनुके समजतो. सी. ब्रेनेरीमध्ये दोन व्यक्तींत मूक जागांवर, म्हणजे अक्षर बदलले तरी प्रथिन बदलत नाही अशा जागांवर, सुमारे 14 टक्के फरक आहे. अशा जातीच्या कच्च्या जोडणीवरून ‘कूळ दुपटीने वाढले’ म्हणणे म्हणजे एकाच माणसाचे दोन फोटो दोन माणसे म्हणून मोजणे. मेलॉइडोगाइनच्या संकरजन्य, अनेकपट जनुकसंचाचे आकडेही याच कारणाने जपून घ्यावेत. उलट चूकही होते: नुकत्याच पडलेल्या, 99 टक्के सारख्या प्रती तोकड्या वाचनांत एकावर एक कोसळतात आणि पाचाचे एक होते. तिथे वाचनाची खोली, म्हणजे एकेक जागा किती वेळा वाचली गेली ते, पाहावी. शेजारच्या भागाच्या पाचपट निघाली तर पाच प्रती दडल्या आहेत. लांब वाचने वापरली तर हा प्रश्न बराच सुटतो.

त्यापुढे कुळातले प्रत्येक प्रथिन डोळ्यांखालून घालावे, याला पर्याय नाही. गंध-ग्राही साडेतीनशेच्या आसपास अॅमिनो आम्लांचा आणि सात वेळा पडदा ओलांडणारा असतो. यादीत सातशेचा, चौदा वेळा ओलांडणारा ‘ग्राही’ दिसला तर संगणकाने दोन शेजारी जनुके एकत्र शिवली आहेत. दोनशेचाच दिसला तर तो मोडलेला असेल किंवा त्याचे पहिले टोक सापडलेले नसेल. आणि मोडलेला आहे असे ठरले तरी घाई नको: एन-2 या प्रयोगशाळेतल्या संदर्भ-वाणात मोडलेले काही ग्राही रानातल्या इतर वाणांत शाबूत आहेत. एक वाण म्हणजे अख्खी जात नव्हे.

नंतर प्रथिनांची एकाखाली एक मांडणी, तीवरून नात्यांचा वृक्ष, आणि तो वृक्ष जातींच्या वृक्षाशी ताडून प्रत कोणत्या फांदीवर पडली ते ठरवणे. इथे दोन फसवणुका. शेजारी प्रती एकमेकींची अक्षरे उसनी घेऊन सारख्या होत राहतात, त्यामुळे जुनी प्रत काल पडल्यासारखी दिसते. आणि सी. एलिगन्स व सी. ब्रिग्सी यांच्यात बहुतेक मूक जागा एकाहून अधिक वेळा बदलून गेल्या आहेत, त्यामुळे त्या अंतरावर निवडीचा वेग मोजणारे गुणोत्तर विश्वासाचे राहत नाही. ते जवळच्या जातींत किंवा एकाच जातीच्या भाऊबंदांत मोजावे. या दोघांचे जनुकसंच 2003 मध्ये शेजारी ठेवले तेव्हा साडेएकोणीस हजारांपैकी सुमारे 12,200 जनुकांचीच एकास एक जोडी जुळली होती. बाहेरून पाहिले तर हे दोन कृमी वेगळे ओळखता येत नाहीत.

संपादक महोदय, विनंती एवढीच. यापुढे ‘अमुक जीवात इतकी जनुके’ अशी बातमी आली की तिच्यासोबत, मोडलेली जनुके त्यात धरली आहेत का, आई-बापाच्या प्रती वेगळ्या काढल्या आहेत का, आणि कोणते कूळ कोणत्या नातलगाच्या तुलनेत वाढले किंवा आटले, एवढे संशोधकांना विचारून छापावे. दोन ओळी पुरतात. आणि कृमीला अळी म्हणू नये.

आपले,
जीवशास्त्राचे अभ्यासक